आप्पांच्या नावावरची रजा

रविवारी संध्याकाळी नवरा म्हणाला, "सात दिवस रजा टाकलीय. आप्पांसाठी," तेव्हा तिला इतकं बरं वाटलं की तिने त्याला दुसऱ्यांदा चहा करून दिला. पुढे आठवडाभर तिला त्या चहाचाही राग येत राहिला.

आप्पा म्हणजे तिचे सासरे. तलावाकाठच्या पंपघरात एकतीस वर्षं पंप चालवलेला माणूस. चार महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. बोलणं जड झालं, पण डोकं लख्ख. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "रोज बाहेर न्या, उन्हात बसवा, धरून दहा पावलं चालवा. नाहीतर चांगली बाजूही आळशी होईल." घर तळमजल्यावर होतं खरं, पण दाराबाहेर चार पायऱ्या. चाकाची खुर्ची त्यावरून उतरवायला दोन दणकट माणसं लागायची. नवरा म्हणाला होता, फळ्या टाकून उतार करतो. फळ्या आणल्याही. त्या चार महिने दारामागे उभ्या होत्या आणि त्यांच्यावर छत्र्या टांगल्या जात होत्या.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. भिंगं घासून चौकटीत बसवायची, वाकलेल्या काड्या सरळ करायच्या, तीळभर स्क्रू पिळायचे. आप्पांमुळे ती दुपारपर्यंतच जायची. तेवढ्या वेळात शेजारच्या निवृत्त नर्सबाई अकराच्या सुमाराला डोकावून जात. पण दुकानातली दुसरी बाई लेकीच्या बाळंतपणाला गेली होती आणि मालकाने आठवडाभर पूर्ण वेळ येशील का म्हणून विचारलं होतं. नवरा घरी असणार म्हटल्यावर तिने हो म्हणून टाकलं.

सोमवारी सकाळी सहा वाजता नवरा बूट घालताना दिसला.

"कुठं?"

"तलावावर. अर्धा तास. आजपासून आपल्या वसाहतीचा सप्ताह आहे ना, आज काठाची सफाई. तोंड दाखवून येतो."

त्याला सगळी वसाहत 'मीआहेना' म्हणायची. कुणाची टाकी गळो, कुणाची सायकल अडो, ह्याचं एकच उत्तर, "मी आहे ना!" थंडी त्या वर्षी बेताचीच होती, पातळ स्वेटर पुरेल अशी. ऊन मऊ, वारा हलका. समितीने फाटकावर कागद लावला होता. सोमवारी सफाई, मंगळवारी टेकडी, बुधवारी ज्येष्ठांची तलावफेरी, गुरुवारी सायकली, शुक्रवारी मैदानी खेळ, शनिवारी पक्षी बघणं, रविवारी समारोप. खाली संयोजक म्हणून मीआहेनाचं नाव. तिने तो कागद दुकानात जाताना वाचला आणि क्षणभर तिथंच उभी राहिली.

दुपारी ती धावतपळत घरी आली तर आप्पा सकाळच्याच कपड्यांत पलंगावर बसलेले. थर्मासमधला चहा कोमट, अंडं तसंच, पावाच्या कडा वाळून वर वळलेल्या. नवरा एक वाजता आला, गुडघ्यापर्यंत चिखल, चेहरा पेटलेल्या दिव्यासारखा.

"अकरा पोती कचरा काढला! माहितीय?"

"आप्पांनी सकाळपासून काही खाल्लं नाही. माहितीय?"

"अगं, लोकांसाठी आहे हे."

"आप्पा लोकांत मोडत नाहीत?"

"झालं तुझं सुरू," तो म्हणाला आणि पाय धुवायला गेला. आप्पा खिडकीकडे बघत होते. घरातल्या भांडणात म्हाताऱ्या माणसाला दुसरं बघायला काय असतं?

मंगळवारी दुकानात एक गृहस्थ चष्मा टाकायला आले. काडी सैल झाली होती. तिने ओळखलं, नवऱ्याच्या कचेरीत त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायचे ते.

"आप्पा कसे आहेत आता?" त्यांनी आवाज उतरवून विचारलं. "अर्ज वाचून साहेबही हळहळले. प्रकृती अत्यंत चिंताजनक, एकुलता एक मुलगा, सेवेस दुसरं कुणी नाही... सात दिवस कुणाला मिळतात हो? पण लगेच सही केली त्यांनी."

तिच्या हातातला स्क्रू सुटला आणि टेबलाखाली गेला. ती तो शोधायला वाकली. वाकली ते बरंच झालं, कारण तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि चेहरा कुणाला दिसू नये असं तिला वाटत होतं. सेवेस दुसरं कुणी नाही! मग चार महिने आप्पांची नखं काढणारी, त्यांचा डावा हात तेल लावून रोज वर-खाली करणारी ही कोण? मोलकरीण? की भूत?

"बरे आहेत," ती टेबलाखालूनच म्हणाली.

तेवढ्यात मालकाच्या बायकोने फोन पुढे केला. "हे बघितलंत का? तुमचे मिस्टर!" टेकडीवरचा फोटो होता. पाय मुरगळलेल्या कुणा वयस्कर माणसाला पाठीवर घेऊन मीआहेना उतरत होता. खाली चाळीस जणांनी कौतुक केलं होतं. "देवमाणूस हो. तुम्ही नशीबवान."

"हो ना," ती म्हणाली. "नशीब फुटकंही असतं." मालकाची बायको हसली. तिला तो विनोद वाटला.

बुधवारी सव्वाअकराला नर्सबाईंचा दुकानात फोन आला. त्या कधी घाबरत नसत, पण आवाज चढला होता.

"खुर्ची कुठंय आप्पांची?"

"कुठं म्हणजे? पलंगाजवळ."

"नाही. घरातच नाही. तू ये आधी."

ती धावली. आप्पा घरातल्या बोळात, फरशीवर बसले होते, चपलांच्या फळीला पाठ टेकून. लेंगा ओला. नर्सबाईंनी खाली उशी सरकवली होती आणि अंगावर शाल टाकली होती, पण त्यांना एकटीला उचलता येईना. नवरा नऊ वाजता गेला होता. सव्वानऊला आप्पांना लघवीला जायचं होतं. हात लांबवला तर खुर्ची नाही. भिंत धरून निघाले, अर्ध्या वाटेत पाय दुमडला. हाका मारल्या, पण त्यांच्या हाका आता दाराबाहेर जात नव्हत्या. पावणेदोन तास ते थंड फरशीवर होते.

दोघींनी मिळून त्यांना उचललं, पुसलं, कपडे बदलले. हाड मोडलं नव्हतं. ह्या सगळ्यात आप्पा एकच वाक्य बोलले, तुकड्यातुकड्याने.

"खुर्ची... माझी आहे."

"हो आप्पा."

"विचारलं... नाही."

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. राग होता. चार महिन्यांत तिने त्यांना रडताना पाहिलं होतं, गप्प बसलेलं पाहिलं होतं, पण रागावलेलं पहिल्यांदाच पाहत होती, आणि का कोण जाणे, तिला त्या रागाने धीर आला.

नर्सबाईंना बसवून ती तलावावर गेली. चालली नाही, जवळजवळ धावली. दुकानातला निळा डगला अंगावर तसाच होता.

काठावर बारा-तेरा म्हातारी माणसं ऊन खात होती. मीआहेना गळ्यात शिट्टी अडकवून सगळ्यांना सरबत वाटत होता. आणि आप्पांच्या खुर्चीत, जिच्या डाव्या हाताला तिने स्वतः जुन्या स्वेटरची गादी शिवली होती, त्या खुर्चीत प्राथमिक शाळेतल्या जुन्या बाई बसल्या होत्या. नव्वदीला टेकलेल्या. तिला पाहून त्या इतक्या गोड हसल्या की तिची जीभ अडली.

"वर्षभराने पाणी बघतेय गं मी," बाई म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याचे उपकार."

ह्यांना कसं उठवायचं? राग गिळणं म्हणजे काय ते तिला त्या घटकेला कळलं. गरम बटाटा गिळल्यासारखं. ती तशीच नवऱ्याजवळ गेली.

"आप्पा पावणेदोन तास फरशीवर पडले होते."

सरबताचा पेला त्याच्या हातात तसाच राहिला. "काय? अगं, मला वाटलं झोपलेत. बाराच्या आत आणणारच होतो."

"विचारलंस त्यांना?"

वीस वर्षांच्या संसारात तिने त्याला चारचौघांत कधी 'तू' म्हटलं नव्हतं. त्याच्या ते लक्षात आलं. आजूबाजूच्यांच्याही.

"घरी बोलू," तो दातांतून म्हणाला.

"घरी तू असतोस कधी?"

समितीचे चिटणीस लगबगीने मध्ये आले. मऊ आवाजाचे, हात चोळत बोलणारे गृहस्थ. "वहिनी, होतं असं कधीकधी. चांगल्या कामात थोडं इकडचं तिकडं होतं. आजच्या दिवशी नको."

"मग कुठल्या दिवशी? तुमच्या कागदावर माझ्या रागाला वार दिला नाहीये."

तिने तिथंच आवरलं, कारण बाई कान टवकारून ऐकत होत्या आणि त्यांची फेरी अर्धी राहिली होती. तिने स्वतःच खुर्ची ढकलली. तलावाची उरलेली फेरी घातली, बाईंना त्यांच्या दारात सोडलं आणि रिकामी खुर्ची घेऊन घरी आली. रस्ताभर चाकं खडखडत होती आणि ती मनातल्या मनात नवऱ्याला जे जे म्हणत होती ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गुरुवारी सकाळी तिला वाटलं, आता तरी थांबेल. तो खाली मान घालून चहा प्यायला आणि मग उठला.

"सायकलींची यादी माझ्याकडे आहे. शिट्टीही. मी नाही गेलो तर सगळं अडेल."

"जा," ती म्हणाली.

तिने मालकाला फोन केला. "आज येत नाही."

"अहो, आपलं ठरलं होतं!"

"ठरलेलं मोडायची सध्या साथ आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिने छत्र्या काढून जमिनीवर टाकल्या आणि दारामागच्या फळ्या बाहेर ओढल्या. आप्पांची खुर्ची उंबऱ्यात आणून लावली. आप्पा बघत राहिले. तिने फळ्या पायऱ्यांवर टेकवल्या, तसा उजवा हात वर झाला.

"उभा... उतार. घसरेल."

"मग?"

"लांब... फळी. दुप्पट."

लांब फळ्या कुठून आणायच्या? ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मैदानाकडे बघितलं. तिथं रविवारच्या समारोपासाठी व्यासपीठ जोडलं जात होतं आणि शेजारी लांबलचक, जाड फळ्यांची चवड होती. सुतार चहाला गेला होता. ती नर्सबाईंना घेऊन गेली. दोघींनी एकेक करत चार फळ्या उचलल्या. दुसऱ्या खेपेला चिटणीस पळत आले.

"वहिनी! त्या व्यासपीठाच्या फळ्या!"

"खुर्ची आमची, फळ्या तुमच्या. फिट्टंफाट."

"पण हे समाजाचं सामान आहे!"

"आप्पा समाजातच राहतात. दार दाखवू?"

नर्सबाई आयुष्यभर इस्पितळात मोठमोठ्या डॉक्टरांना गप्प करून आल्या होत्या. त्यांनी चिटणिसांकडे फक्त बघितलं. ते हात चोळत परत गेले.

दिवसभर काम चाललं. आप्पा सांगत होते आणि ती करत होती. फळ्यांखाली आडव्या पट्ट्या ठोक, कडेला उंच काठ ठेव, चाक बाहेर जायला नको. तीळभर स्क्रूंची सवय असलेल्या हाताला बोटभर स्क्रू म्हणजे खेळ वाटला. हाताला फोड आले. एकदा हातोडी अंगठ्यावर बसली तेव्हा तिने अशी शिवी दिली की आप्पांच्या तोंडाचा चांगला कोपरा वर गेला.

"माझ्याकडे... असतीस कामाला," ते म्हणाले.

संध्याकाळी नवरा आला, उतारावर उभा राहिला, पायाने दाबून बघितला. "मी करणारच होतो," तो म्हणाला.

तिने उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर हातोडी अजून हातातच होती.

शुक्रवारी सकाळी नवरा दोरीखेचीचे दोर घेऊन गेला आणि तिने दुकान पुन्हा बुडवून आप्पांना बाहेर काढलं. चार महिन्यांनी. ऊन कोवळं होतं, रस्त्याच्या कडेच्या गवतावर दव चमकत होतं. आप्पा नाकाने लांब श्वास घेत राहिले. तलावाशी आल्यावर त्यांनी हाताने पंपघर दाखवलं.

सप्ताहाच्या उत्साहात कुणीतरी पंपघराच्या भिंतीवर मासे काढले होते. गुलाबी, पापण्या असलेले मासे. ते एकवेळ चाललं असतं. पण बाहेरचं मोठं लोखंडी चाक, ज्याने झडप उघडते, तेही आटे पाडलेल्या दांड्यासकट पिवळ्या रंगाने थापलं होतं.

"गाढवं!" आप्पा म्हणाले. चार महिन्यांत इतका स्पष्ट शब्द त्यांच्या तोंडून आला नव्हता. "आट्यांना... रंग मारला. आता फिरेल... कसं? एकाला तरी... विचारायचं!"

ते रागातच कठड्याला धरून उभे राहिले. तिने कमरेला धरलं. चाकापर्यंत सात पावलं होती. ती त्यांनी टाकली. मग नखाने आट्यांमधला रंग खरवडायला लागले. दमल्यावर तिने त्यांना मागे खुर्चीत बसवलं. नखात पिवळा रंग, कपाळावर घाम.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "मीही... असाच होतो."

"कसे?"

"लोकांना पाणी. घरी... कोरड. त्याच्या शाळेत... एकदाही गेलो नाही. पंप सोडून... कसा जाणार?" ते पाण्याकडे बघत राहिले. "तो वाट बघायचा. त्याची आई... सांगायची."

तिने त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाली, "तरी मला त्याची कीव येणार नाही, आप्पा. आत्ता तरी नाही."

"नकोच... येऊ देऊ," आप्पा म्हणाले.

शनिवारी नर्सबाईंना आप्पांजवळ बसवून ती दुकानात गेली आणि मालकाशी बोलली. परत आली तेव्हा नवरा दुर्बीण पुसत होता. सतरा प्रकारचे पक्षी दिसले म्हणाला. कुणी ऐकलं नाही.

रविवारच्या समारोपाला ती जाणारच नव्हती. आप्पा म्हणाले, "चल." त्यांनी पांढरा सदरा मागितला, दाढी करून घेतली. व्यासपीठ चार फळ्यांनी अरुंद झालं होतं आणि चिटणीस त्यावर जरा तिरके उभे होते. भाषणं झाली. मग मीआहेनाला चषक दिला. टाळ्या थांबेनात. ती शेवटच्या रांगेत हात बांधून उभी होती.

चिटणिसांचं लक्ष आप्पांकडे गेलं. बुधवारचा डाग पुसायची आयती संधी त्यांना दिसली असणार. ते ध्वनिवर्धक घेऊन खाली आले. "आणि आज आपल्यात ह्यांचे वडील आहेत! आप्पा, अशा मुलाबद्दल दोन शब्द?"

आप्पांनी ध्वनिवर्धक उजव्या हातात घट्ट धरला.

"ह्याच्याबद्दल... मला काय ठाऊक? हा घरी... नसतो."

लोक खो खो हसले. आप्पा थांबले. हसू ओसरेपर्यंत वाट बघितली, पंपाचा दाब चढायची बघावी तशी.

"रजा घेतली... माझ्या नावावर. बुधवारी खुर्ची नेली. मी... फरशीवर. ओल्या कपड्यात."

एक जण उशिरा हसला आणि एकटाच पडला. चिटणिसांनी हात पुढे केला, पण आप्पांनी ध्वनिवर्धक सोडला नाही. त्यांना आणखी काही बोलायचं नव्हतं, नुसता सोडायचा नव्हता.

पहिल्या रांगेतून एक बारीक आवाज आला. शाळेतल्या जुन्या बाई. "ती खुर्ची ह्यांची होती?" त्यांनी मीआहेनाकडे मान वळवली. तो कधीकाळी त्यांच्याच वर्गात बसला होता. "मला सांगायचं होतंस रे. मी बसले असते का त्यात? आता मला ते पाणी आठवलं तरी..." त्यांना पुढे बोलता आलं नाही. त्या पदराने तोंड पुसू लागल्या.

नवऱ्याचा चेहरा पडला तो तेव्हा. बायकोच्या बोलण्याने नाही, बापाच्या बोलण्याने नाही. चषक त्याने खुर्चीखाली ठेवला आणि निघताना तो तिथंच विसरला.

घरी मात्र तो फुटला. "तुम्ही दोघांनी मिळून माझी अब्रू काढलीत! लोकांसमोर!"

"लोकांसमोरच कमावली होतीस. दुसरीकडे कुठं काढणार?"

"तू शिकवलंस त्यांना!"

"त्यांना?" तिचा आवाज चढला. "त्यांना जीभ उचलायला शिकवायला रोज अर्धा तास मी बसते, हे खरं. शब्द त्यांचे आहेत. आणि ऐक. उद्यापासून मी कायमची पूर्ण वेळ जाणार. मालकाशी बोललेय. सकाळचं आप्पांचं सगळं तुझ्याकडे. उठवणं, शी-शू, अंघोळ, बाहेर नेणं. तुझी कचेरी साडेदहाची आहे. अकरापासून नर्सबाई बसतील, संध्याकाळी मी."

"आणि मला नाही जमलं तर?"

"तर तूच कचेरीत अर्ज दे आणि कारण लिही. ह्या वेळी खरं लिही."

त्याने दार आपटलं आणि बाहेर गेला. तासाभराने आला. आप्पांच्या पलंगाशी थोडा वेळ उभा राहिला. आप्पांनी डोळे मिटून घेतले. झोपले नव्हते हे तिघांनाही माहीत होतं.

सोमवारी सकाळी न्हाणीघरातून आवाज येत होते. बादली सरकली, तांब्या पडला. "गरम! गरम आहे!" आप्पा ओरडले. मग थंड झालं म्हणून ओरडले. नवरा काहीतरी पुटपुटत होता, "हात वर करा ना, आप्पा. तो नाही, दुसरा. बरं, थांबा, मी धरतो." साबण डोळ्यात गेला. आप्पांनी त्याला गाढव म्हटलं.

ती ओट्यापाशी उभी राहून आपला डबा भरत होती. दोनदा तिचे पाय आपोआप न्हाणीघराकडे वळले. दोनदा तिने ते मागे घेतले. राग अजून होताच. तिने डबा बंद केला, डगला घातला आणि आतून "अगं, टॉवेल कुठाय?" अशी हाक आली तेव्हा ती उतारावरून खाली उतरलीही होती.